प्लेगची सुई आणि भयाची चिकित्सा

भीतीचे दोन प्रकार आहेत. वाघ समोर उभा राहिला असतां जी वाटते ती भीति मनुष्याची हितकर्ती होय. ती नसती तर मनुष्यजाति कधींच नष्ट झाली असती. परंतु वाघाच्या नुसत्या चित्रानें ज्याचे हातपाय गळतात, हें भय निराधार आहे असें स्वतःस पुरतें कळत असूनहि ज्यास तें आवरत नाहीं, त्याची भीति निराळी. तिला आपण भयगंड म्हणतों. पहिल्या भीतीस सावधगिरीचें औषध पुरतें. दुसरीस काय द्यावें हा प्रश्न बराच काळ सुटला नव्हता. त्याचें उत्तर मानसशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत आज सांपडतें. पण आपल्या प्रांताच्या इतिहासांतहि तें एकदां फार मोठी किंमत देऊन लिहिलें गेलें आहे.

तें सांगण्यापूर्वीं एक घरगुती गोष्ट सांगतों. लहानपणीं आमच्या एका चुलत्यांनीं ‘पडला म्हणजे आपोआप पोहेल’ असें म्हणून मला मळ्यांतील विहिरींत ढकललें. मी पोहलों नाहीं. नाकातोंडांत पाणी जाऊन अर्धमेला झालों, आणि पुढें तीन वर्षें विहिरीच्या काठाकडे फिरकलों नाहीं. ही भीति घालविली ती मामांनीं. जळगांवच्या कडेला मेहरूण आहे. तेथलीं बोरें महाराष्ट्रभर नांवाजलेलीं आहेत आणि तेथला तलाव जळगांवकरांच्या फेरफटक्याचा. मामा मला रोज त्या तलावावर नेत. पहिल्या दिवशीं नुसतें काठावर बसलों व बोरें खाल्लीं. दुसऱ्या दिवशीं पाय भिजविले. मग घोट्याइतकें पाणी, मग गुडघ्याइतकें. आणि पंधरवड्यानें पाठीला सुका भोपळा बांधून मी पाण्यावर तरंगलों. त्या पंधरवड्यांत मामांनीं एकदांहि ‘भितोस काय?’ असें विचारलें नाहीं. ते केवळ माझ्या एक पाऊल पुढें पाण्यांत उभे असत.

चुलत्यांची रीत आणि मामांची रीत, या दोन्ही रीती प्लेगच्या काळांत साऱ्या मुंबई इलाख्यानें अनुभविल्या.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग प्रगट झाला व पुढें तो आगगाडीच्या वाटेनें देशभर पसरला. जळगांवासहि त्यानें सोडलें नाहीं. बहिणाबाई चौधरी यांच्या थोरल्या मुलास याच रोगानें कायमचें अपंगत्व आलें. फेब्रुवारी १८९७ मध्यें सरकारनें सांथीच्या रोगांचा कायदा केला. घरांची झडती, रोग्यास उचलून रुग्णालयांत नेणें, आप्तांना छावणींत ठेवणें, प्रवाशांची तपासणी, असे अधिकार अंमलदारांच्या हातीं आले. लोक रोगापेक्षां या उपायांनाच अधिक भ्याले. कायदा होण्यापूर्वींच, १८९६ च्या ऑक्टोबरांत, गिरणीकामगारांच्या जमावानें मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालयांत माणसें मारून त्यांच्या देहांतून औषधी तेल काढतात, अशी वदंता पसरली होती.

ही भीति निव्वळ अडाणीपणाची होती असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. रुग्णालयांत गेलेले बहुतेक रोगी परत येत नसत, हें लोक डोळ्यांनीं पाहत होते. पुण्यास रँडसाहेबांच्या हाताखालीं गोरे शिपाई घरांत, देवघरांत शिरले. स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी झाल्या. अखेर २२ जून १८९७ रोजीं चापेकर बंधूंनीं रँड यांच्यावर गोळी झाडली. पण या सक्तीचा एक परिणाम त्याहूनहि दूरगामी झाला. लोक रोगी लपवूं लागले, माळ्यावर ठेवूं लागले, रात्रींतून दुसऱ्या गांवीं नेऊं लागले. भीति टाळण्याच्या या धडपडीनें रोगास नवीं घरें मिळालीं, आणि रोग वाढला म्हणून भीतीहि वाढली.

आतां दुसरी रीत पाहूं. ओडेसा येथें जन्मलेले व पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम केलेले वॉल्डेमार हाफकिन हे १८९६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक खोली व एक पडवी एवढ्याच जागेंत त्यांनीं तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. ती प्रथम कोणाला टोचावी? १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांत स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांवर प्रयोग झाला. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरु आगाखान यांनीं आपल्या अनुयायांचें भय घालविण्याकरितां चारचौघांसमक्ष लस टोचून घेतली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनीं पुत्र यशवंत यांच्यासह प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा चालविली व त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं देह ठेविला. रोग्याला उचलणारा हात तोच. पण तो शिपायाचा असला म्हणजे लोक दार लावीत, आणि मायेचा असला म्हणजे त्याच्या खांद्यावर मान टाकीत.

पुढें सरकारनेंहि धडा घेतला. पुण्याच्या अनुभवानंतर सक्तीची पकड हळूहळू सैल झाली, आणि टोचून घेणें सर्वसाधारणपणें ज्याच्या त्याच्या खुषीवर राहिलें. तथापि भय एकदां ओसरलें म्हणजे कायमचें गेलें असें नव्हे. पंजाबांत सुई वारभर लांब असते अशी कंडी आधींच पिकली होती. त्यांतच १९०२ च्या ऑक्टोबरांत मुलकोवाल गांवीं एकाच बाटलींतील लस टोचलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला. तो चुकीचा असल्याचें ठरून १९०७ सालीं ते निर्दोष सुटले. विहिरींतील एक गटांगळी तीन वर्षें पुरते. मग १९ मृत्यूंची आठवण किती पुरावी!

प्रयोगशाळेंत या गोष्टींची उपपत्ति नंतर लागली. १९२० मध्यें अमेरिकेंत वॉटसन व रेनर यांनीं एका तान्ह्या मुलापुढें पांढरा उंदीर आणून मागें लोखंडी कांबीवर हातोडा मारला. असें पुनःपुन्हां करतां मूल नुसत्या उंदरालाच भिऊं लागलें. प्रयोग निर्दय होता, पण भीति शिकतां येते हें त्यानें दाखविलें. शिकलेली भीति विसरतां येईल काय? १९२४ मध्यें मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या मुलावर याचा पडताळा पाहिला. मूल आवडीचा खाऊ खात असतां त्यांनीं पिंजरा दूर ठेविला, आणि दिवसेंदिवस तो थोडा जवळ आणला. शेवटीं मूल सशाला हातानें कुरवाळूं लागलें. १९५८ मध्यें जोसेफ वोल्पे यांनीं याच तत्त्वावर पद्धतशीर चिकित्सा मांडली. भयवस्तु टाळली म्हणजे क्षणभर सुटका वाटते, आणि ती सुटकाच भीतीला खतपाणी घालते. उलट ठरवून, पायरीपायरीनें तिच्याजवळ थांबलें म्हणजे ‘कांहीं वाईट घडलें नाहीं’ हें शरीर स्वतः शिकतें.

सुईच्या भीतीची एक तऱ्हा मात्र जगावेगळी आहे. इतर भयांत छाती धडधडते व रक्तदाब चढतो. सुई किंवा रक्त पाहून मात्र कित्येकांचा रक्तदाब आधीं चढून मग एकदम उतरतो व घेरी येते. अशांना स्वीडनमधील ओस्ट यांनीं १९८० नंतरच्या दशकांत सोपा उपाय शिकविला : हात, पाय व धड यांचे स्नायू कांहीं क्षण आवळून धरावे, मग सैल सोडावे, व पुन्हां आवळावे. त्यानें रक्तदाब सांवरतो. ज्यांना घेरी येते त्यांना भेकड म्हणून हिणविणारांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. आणि भयामुळें औषधपाणी, प्रवास किंवा कामधंदा अडूं लागल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत लाज कसली?

भित्र्या मनुष्याचा उपहास करूं नये, त्यास ढकलूंहि नये, आणि ‘राहूं दे’ म्हणून त्याला काठावर कायमचें बसवूंहि नये. या तिहींमधून जी चौथी वाट निघते ती हाफकिन, सावित्रीबाई आणि आमचे मामा या तिघांनाहि ठाऊक होती. मी आजहि मेहरूणच्या तलावावर गेलों म्हणजे काठावर क्षणभर पाय थबकतात. पण पुढें पाण्यांत कोणी उभें आहे असा भास होतो, आणि पाऊल आपोआप पडतें.