विरल मृत्तिका : एका नावाची कुळकथा

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या आणि पवनचक्क्यांच्या चुंबकांपासून खनिज तेलाच्या शुद्धीकरणातील उत्प्रेरकांपर्यंत आधुनिक उद्योगाला पदोपदी लागणाऱ्या सतरा धातूंच्या गटाला ‘विरल मृत्तिका मूलद्रव्ये’ म्हणतात. यातला एकही धातू माती नव्हे, आणि बहुतेक फारसे विरळही नाहीत. सीरियम तर भूकवचात जवळजवळ तांब्याइतका आढळतो. मग हे नाव आले कोठून?

१७८७ मध्ये स्टॉकहोमजवळील इटर्बी गावच्या खाणीत कार्ल ॲक्सेल आरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड, काळा दगड आढळला, आणि १७९४ मध्ये फिनलंडमधील रसायनशास्त्रज्ञ योहान गाडोलिन यांनी त्यातून एक अपरिचित ‘मृत्तिका’ वेगळी केली. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या आणि भट्टीच्या तापालाही दाद न देणाऱ्या पदार्थांना, म्हणजे आज ज्यांना धातूंची ऑक्साइडे म्हणतात त्यांना, त्या काळचे रसायनशास्त्रज्ञ मृत्तिका म्हणत. आणि ही मृत्तिका देणारे दगड तेव्हा मोजक्याच ठिकाणी मिळत असल्याने ती ‘विरल’ ठरली. इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम या चार मूलद्रव्यांच्या नावांत ते एकच गाव आजही नांदते.

खरी अडचण पुढे होती. या धातूंच्या अणूंची रासायनिक वागणूक इतकी सारखी असते, की ते खनिजात एकत्र सापडतात आणि सहजासहजी वेगळे होत नाहीत. कार्ल गुस्ताफ मोसांडर यांना १८३९ मध्ये सीरियमच्या आड दडलेले मूलद्रव्य सापडले, तेव्हा त्याला ‘दडून राहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लँथॅनम हे नाव मिळाले. तर त्यांनीच शोधलेले ‘डिडिमियम’, म्हणजे ‘जुळे’, हे एकच मूलद्रव्य नसून प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम अशी दोन आहेत, हे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये दाखवले. विलगीकरणाची रीत म्हणजे क्षार विरघळवून त्याचे स्फटिक पुन्हा पुन्हा पाडणे. शुद्ध थुलियमसाठी चार्ल्स जेम्स यांनी १९११ च्या सुमारास सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण केले.

या धातूंना पहिली मोठी बाजारपेठ मिळवून दिली ती वेल्सबाख यांच्याच गॅसबत्तीच्या मँटलने. थोरियमच्या द्रावणात सुमारे एक टक्का सीरियम मिसळून त्यात सुती जाळी भिजवली जाई. पहिल्यांदा पेटवताच धागा जळून जाई आणि बोट लागताच भुगा होणारा ऑक्साइडांचा पांढरा सांगाडा तेवढा उरे, जो तापून लख्ख उजळे. महाराष्ट्रातल्या वराती आणि तमाशाचे फड उजळणारी गॅसबत्ती याच कुळातली. मँटलसाठी लागणारा थोरियम विरल मृत्तिकाही असलेल्या मोनाझाइट वाळूतून येई. १९०९ मध्ये त्रावणकोर संस्थानातील मनवलकुरिची येथे ही वाळू आढळली आणि पुढे १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी स्थापन झाली.

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक स्वतंत्रपणे घडवले, आणि लहानशा आकारात प्रचंड बळ मिळाले. तरी त्यांतला निओडिमियम आजही त्याच चिकट कुटुंबातून सोडवावा लागतो. द्रावकांच्या शेकडो टप्प्यांतून, किरणोत्सारी थोरियमचा निचरा सांभाळत चालणाऱ्या या कामाचा मोठा भाग चीनमध्ये एकवटला आहे. म्हणून वाळू जवळ असणे पुरेसे नाही. नावातील ‘विरल’ हे विशेषण धातूंना लागू पडत नसले, तरी त्यांना एकमेकांपासून सोडवण्याच्या विद्येला ते आज तंतोतंत लागू पडते.