भट्टीतला साक्षीदार

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. कथेतला अध्यात्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर तिच्यात कुंभाराची एक फार जुनी अडचण दिसते. मडके पक्के की कच्चे, हे आव्यातून काढल्यावर आवाजावरून कळते. पण तोवर उशीर झालेला असतो. आग चालू असताना आत काय घडते आहे, हे बाहेरच्या माणसाला कसे कळावे?

विजेवरच्या भट्टीचा इतिहास मी याच प्रश्नाच्या आधाराने जुळवतो आहे. त्या कामी पुस्तकांइतकाच उपयोग झाला तो एका वापरलेल्या भट्टीचा. बंद झालेल्या एका स्टुडिओतून मी ती विकत घेतली. सोबत माहितीपत्रक नव्हते, वही नव्हती; ‘७ किलोवॅट, २३० व्होल्ट’ एवढी पाटी तेवढी शाबूत होती. जुनी भट्टी हे एक दस्तऐवजच असते. मात्र त्यातल्या प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते.

पहिली साक्ष कॉइलची. लाल होईपर्यंत तापूनही हवेत जळून न जाणारी स्वस्त तार मिळेपर्यंत विजेची भट्टी सामान्य कारागिराच्या आवाक्यात येणे शक्य नव्हते. १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले, तीच नायक्रोम. पुढे स्वीडनमधल्या हालस्टाहामार या गावी हान्स फॉन कांट्झोव यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची तार तयार केली. १९३१ साली तिच्या उत्पादनासाठी कांथल ही कंपनी उभी राहिली. या तारेवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिला वाचवतो. त्यामुळे ती नायक्रोमपेक्षा अधिक तापमान सोसते. पण एकदा तापून निवाली की ती काचेसारखी ठिसूळ होते; थंड असताना वाकवली तर मोडते. शिवाय वापरागणिक तिचा विद्युतरोध वाढत जातो.

प्लग काढून मी मल्टिमीटर लावला. २३० चा वर्ग भागिले ७०००, म्हणजे रोध साधारण ७.५६ ओहम यायला हवा होता. मीटरने ८.३ दाखवला. याचा अर्थ भट्टी ७ नव्हे, तर ६.४ किलोवॅटचीच उरली होती. त्यात आमच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरते. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. तेव्हा हाती उरतात जेमतेम ४.८ किलोवॅट. अशी भट्टी काही अंशांपर्यंत चढते आणि मग तासन् तास तिथेच अडून बसते. अमेरिकेतही हाच घोळ दुसऱ्या वाटेने होतो. तिथे घरात २४० व्होल्ट असतात, तर अनेक शाळा-कॉलेजांत २०८. घरची भट्टी शाळेत नेली की तिची चौथाई शक्ती जाते आणि दोष मात्र भट्टीला लागतो.

दुसरी साक्ष थर्मोकपलची. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की वीज निर्माण होते, हे झेबेक यांच्या १८२१ च्या प्रयोगांतून पुढे आले. १८८० च्या दशकात ल शातलिए यांनी प्लॅटिनम आणि ऱ्होडियम वापरून त्यातून भरवशाचे मोजमाप घडवले. आजच्या बहुतेक लहान भट्ट्यांत निकेलच्या मिश्रधातूंची स्वस्त जोडी असते. तिच्या तारांच्या रंगांचे देशोदेशी निराळे नियम आहेत. अमेरिकी पद्धतीत लाल तार ऋण असते. आपल्या वायरमनच्या लेखी मात्र डीसीची लाल तार म्हणजे धन. माझ्या भट्टीत कोणा अनोळखी हाताने तारा अशाच उलट जोडल्या होत्या. भट्टी तापू लागली तसे मीटरवरचे आकडे उतरू लागले.

तिसरा साक्षीदार सर्वांत जुना. इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुड यांनी १८८२ च्या शंभर वर्षे आधी, म्हणजे १७८२ साली, रॉयल सोसायटीपुढे आपला उष्णतामापक मांडला. मातीचे लहान तुकडे भाजायचे आणि ते किती आकसले हे निमुळत्या पितळी खाचेत सरकवून पाहायचे. पुढे त्यांनी आपले अंश फॅरनहाइटशी जोडले आणि बिडाचा वितळणबिंदू १७,९७७ अंश फॅरनहाइट काढला. तो सेल्सिअसमध्ये दहा हजारांच्या घरात जातो. प्रत्यक्षात बीड बाराशेच्या आसपास वितळते. आकडा साफ चुकला, तरी कारखान्यात तुकडे उपयोगी पडत होते. कारण माती माती­बद्दल सांगत होती.

हाच धागा बर्लिनच्या हेर्मान झेगर यांनी १८८६ साली पुढे नेला. केओलिन, फेल्डस्पार, क्वार्ट्‌झ यांच्या ठरावीक प्रमाणांतून त्यांनी शंकूंची मालिका बनवली. प्रत्येक शंकू आपापल्या उष्णतेला मान टाकतो. १८९६ पासून अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन (धाकटे) यांनी तसेच शंकू बनवले. स्टुडिओंत त्यांना ‘कोन’ म्हणतात. शंकू तापमान सांगत नाही. उष्णतेने किती वेळात किती काम केले ते सांगतो. ताशी ६० आणि ताशी १५० अंशांनी तापवलेल्या भट्टीत एकच शंकू सुमारे २० अंशांच्या फरकाने वाकतो. मीटरला हे कळत नाही. त्याला फक्त आपल्या टोकापाशी या क्षणी किती तापले आहे एवढेच दिसते.

तारा सुलट जोडून मी रिकामी भट्टी चालवली आणि वरच्या, मधल्या व खालच्या फळीवर एकाच क्रमांकाचे शंकू ठेवले. मीटर समाधानी होता. वरचे दोन शंकू वाकले. खालचा ताठ उभा राहिला. मग समांतर जोडलेल्या तिन्ही कॉइल सुट्या करून मोजल्या. वरच्या दोन्ही २२.७ ओहमच्या, खालची जवळजवळ ३१ ची. जोडलेल्या अवस्थेत हे दुखणे एका बेरजेत लपले होते. शंकूने जागा दाखवली, मीटरने कारण सांगितले. एकच कॉइल बदलावी लागली. नवी तार पहिल्यांदा रिकाम्या भट्टीत, हवा खेळती ठेवून तापवली, म्हणजे तिच्यावर रक्षक थर नीट धरतो.

अर्थिंग तपासल्याशिवाय अशा भट्टीला हात लावू नये. फार जुन्या भट्टीच्या पत्र्यामागे किंवा झाकणाखाली ॲस्बेस्टॉस असू शकते. ते खरवडू नये.

आव्याच्या धगीचा रंग पाहून निर्णय घेणाऱ्या कुंभाराला आपण अंदाजपंचे म्हणतो आणि उजळलेल्या आकड्याला शास्त्र. भट्टीचा इतिहास ही विभागणी मान्य करत नाही. वेजवुडच्या आकड्यापेक्षा त्याची माती खरी होती, आणि आजही संगणकी नियंत्रक असलेल्या भट्टीत जाणते कारागीर शंकू ठेवतात. भट्टी मात्र हातोहात विकली जाते तेव्हा तिची साक्ष हरवते: कोणती कॉइल कधी बदलली, तारा कोणी जोडल्या, कोणता शंकू कुठे वाकला. म्हणून विकणाऱ्याने भट्टीबरोबर तिची वही द्यावी, आणि घेणाऱ्याने ती मागून घ्यावी. वही नसेल तर निदान फळ्यांवर चिकटून राहिलेले वाकडे शंकू तरी फेकू नयेत.