पाण्याचें औषध आणि त्याचें माप



वसई तालुक्यांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस पोहावयास शिकविण्याकरितां कोणी गुरु लागला नाहीं. निर्मळ, आगाशी, नंदाखाल या बागायती पट्ट्यांत वाडीगणिक बावखल असे. केळी, पानवेल आणि फुलझाडें यांस पाणी पुरविण्यासाठीं खणलेलें तें गोड्या पाण्याचें तळें. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टींत त्याची मालकी आम्हां मुलांकडे असे. त्या पाण्यांत कोणी औषध घालीत नसे. उपशामुळें पाणी हलतें राही, पावसाळ्यांत नवें येई, मासे डासांच्या अळ्या खाऊन टाकीत. तें पाणी निर्दोष होतें असें मात्र मी म्हणणार नाहीं. खरूज आणि कानदुखी ही त्याच सुट्टीची देणगी असे.

आज पुष्कळ बावखलें बुजलीं आहेत, आणि त्याच भागांत बंगल्यांच्या आवारांत, तसेंच अर्नाळा-राजोडीकडील रिसॉर्टांत, निळ्या फरशीचे पोहण्याचे तलाव झाले आहेत. या तलावांस झरा नाहीं, उपसा नाहीं, मासे नाहींत. तेंच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरावयाचें असल्यानें त्याची शुद्धता बाहेरून घातलेल्या औषधावर अवलंबून असते. औषध म्हटलें कीं माप आलें. त्या मापाचा इतिहास मनोरंजक आहे, आणि उपयुक्तहि आहे.

क्लोरिन वायु १७७४ सालीं स्वीडनमधील शेले या औषधविक्रेत्या रसायनज्ञाच्या हातीं लागला. पुढें फ्रान्समध्यें बर्थोले यानें त्याचा द्रव कापड पांढरें करण्याच्या कामीं लाविला. येथें एक अडचण उभी राहिली. द्रव दिसावयास सदा सारखाच. पण ताजा असेल तर जहाल, आणि जुना असेल तर निःसत्त्व. जहाल पडला तर कापड विरे, सौम्य पडला तर पिवळें राही. तेव्हां रूआं शहरांतील देक्रुआझिल यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस एक युक्ति काढली. नीळ विरघळविलेल्या द्रवाचा रंग किती औषधानें उडतो, हें रेघा आंखलेल्या कांचेच्या नळींत मोजावयाचें. १८२४ मध्यें गे-ल्युसॅक यानें ही रीत सुधारली, आणि त्या लेखांत त्या नळ्यांस ब्युरेट व पिपेट हीं नांवें वापरलीं. शाळेच्या प्रयोगशाळेंतील ब्युरेट अशी परटाच्या कामांतून वर आलेली आहे! औषध किती घातलें, एवढेंच मोजून भागत नाहीं. त्यांत जोर किती उरला आहे, हेंहि मोजावें लागतें, हा धडा तेव्हांच मिळाला.

पाण्याच्या शुद्धीकडे हें औषध वळण्यास आणखी बराच काळ लागला. १८९७ सालीं इंग्लंडांतील मेडस्टन येथें विषमज्वराची सांथ आली असतां, पाण्याचे नळ विरंजक चूर्णाच्या द्रावणानें धुऊन काढण्यांत आले. १९०८ मध्यें अमेरिकेंतील जर्सी सिटीच्या पाण्यांत डॉक्टर जॉन लील यांच्या योजनेनें औषध नित्य पडूं लागलें. रोज सुमारें चार कोटी गॅलन पाणी, आणि औषध दहा लक्ष भागांस अर्ध्या भागाहूनहि कमी! एवढा अल्प अंश चोवीस तास सारख्या प्रमाणांत पाडणें, हीच त्या कार्याची खरी थोरवी. योजना न्यायालयीन चौकशींत गेली, आणि तेथेंहि टिकली.

आपल्या देशांत आग्र्यास हॅन्किन यांनीं पटकीच्या सांथींत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची रीत पाडली. खेड्यापाड्यांत ज्याला ‘लाल औषध’ म्हणत, तें हेंच. पाणी गुलाबी दिसून तो रंग टिकेपर्यंत घालीत जावें, म्हणजे डोळा हेंच माप. त्यानंतर ब्रिटिश लष्कराच्या वैद्यक विभागांतील हॉरॉक्स यांची पेटी आली. तींत सहा पांढरे पेले आणि एक काळा पेला. काळ्यांत दोन ग्रॅमचा सपाट चमचा चूर्ण कालवून द्रावण करावयाचें. पहिल्या पांढऱ्या पेल्यांत त्याचा एक थेंब, दुसऱ्यांत दोन, असें सहापर्यंत. अर्ध्या तासानें प्रत्येकांत पिष्ट व आयोडाइड यांचें द्रावण टाकल्यावर ज्या पेल्यांत प्रथम ठळक निळा रंग येईल, तितके चमचे चूर्ण ४५५ लिटर पाण्यास पुरें. आमच्या ग्रामपंचायतींत टीसीएल म्हणून ओळखली जाणारी पावडर हीही याच कुळांतली.

आतां घरच्या तलावाचा हिशेब पाहूं. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल असेल, तर पाणी ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर. दर लिटरास २ मिलिग्रॅम क्लोरिन वाढवावयाचा तर ९६ ग्रॅम लागेल. द्रवांत दर लिटरास १०० ग्रॅम जोर असेल, तर ९६० मिलिलिटर पुरे. पण तोच द्रव उन्हांत राहून निम्मा झाला असेल, तर जवळजवळ दोन लिटर लागतील. कोंकणच्या उष्म्यांत हें सहज घडतें. शिवाय परदेशी कोष्टकांतील गॅलन जपून घ्यावा. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरांचा, अमेरिकन ३.७८५ लिटरांचा.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच भागांतल्या एका बंगल्यांत गेलों होतों. मुलें डोळे चोळीत पाण्याबाहेर येत होतीं. तलावाची देखभाल करणारा गृहस्थ म्हणाला, “गुरुजी, औषधाचा वास फार येतोय, म्हणून आज कमी घातलंय.” किती घातलें, असें विचारतां त्यानें तांब्या दाखविला. मजकडील परीक्षेच्या डबींतील थेंबांनीं पाहिलें, तों मोकळा क्लोरिन जवळजवळ नाहींसा! घाम व मूत्र यांशीं क्लोरिनचा संयोग होऊन जो पदार्थ होतो, त्याचाच तो उग्र वास आणि त्याचीच ती डोळ्यांची आग. नाकानें सांगितलें ‘औषध जास्त’, मापानें सांगितलें ‘औषध कमी’. त्याच तांब्यानें तो आम्लहि मोजीत असे, हें ऐकून मी घाबरलों. क्लोरिनच्या द्रवांत आम्ल मिसळलें कीं विषारी वायु सुटतो. १९१५ च्या एप्रिलांत ईप्र येथें सैनिकांवर सोडलेला वायु तोच.

त्या दिवशीं आम्ही दोघांनीं दोरी घेऊन तलाव मोजला, दोन औषधांस दोन वेगळीं रेघांचीं मापें नेमलीं, आणि भिंतीवर कोष्टक लाविलें. रेघ पाहतांना डोळा द्रवाच्या पातळीशीं आणावा, एवढें मीं त्यास शिकविलें. आठवड्यानंतर मुलांचे डोळे लाल होण्याचें थांबलें, असें त्यानें आपण होऊन सांगितलें.

बावखलाला माप नव्हतें. त्याचें काम थोडेंबहुत निसर्ग पाहात असे. आपण तें काम निसर्गाकडून काढून घेतलें आहे. तेव्हां पाणी मोजावें, औषध मोजावें, आणि घातल्यावर पाण्यांत काय उरलें तेंहि मोजावें. कारण त्या निळ्या पाण्यांत उतरणारीं मुलें आपल्या अंदाजावर विश्वास ठेवून उतरत असतात.