मोटारसायकल कॅननबॉल

मोटारसायकल कॅननबॉल ही अमेरिकेत होणारी जुन्या मोटारसायकलींची दीर्घ पल्ल्याची स्नेहस्पर्धा आहे. तिचा आरंभ 2010 साली झाला. बंद पडलेल्या, सुट्या भागांत विखुरलेल्या किंवा गंजलेल्या मोटारसायकली स्वतः दुरुस्त करून पुन्हा धावत्या करणारे हौशी लोक तीत भाग घेतात आणि बहुधा एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत खंड ओलांडतात. ही वेगाची शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, यंत्र न थांबू देता कापणे ही तिची कसोटी आहे.

नाव व पूर्वपीठिका

स्पर्धेचे नाव अर्विन बेकर (1882–1960) या अमेरिकन मोटारसायकलस्वारावरून पडले. बेकर यांनी 1914 च्या मे महिन्यात इंडियन मोटारसायकलवरून सॅन डिएगो ते न्यूयॉर्क हा 3,379 मैलांचा (सुमारे 5,440 किलोमीटर) प्रवास 11 दिवस 12 तास 10 मिनिटांत पूर्ण केला. त्या काळी पश्चिमेकडील बरेचसे रस्ते म्हणजे केवळ बैलगाडीच्या चाकोऱ्यांसारख्या वाटा होत्या. या पराक्रमानंतर एका वृत्तपत्राने त्यांची तुलना ‘कॅननबॉल’ नावाच्या वेगवान आगगाडीशी केली आणि तेच त्यांचे टोपणनाव झाले.

तत्पूर्वी 1903 साली जॉर्ज वायमन यांनी सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हा प्रवास इंजिन बसविलेल्या सायकलीवरून 50 दिवसांत केला होता. 1915 साली एफी हॉचकिस व त्यांच्या मातोश्री एव्हिस या दोघी साइडकार जोडलेल्या हार्ले-डेव्हिडसनवरून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन परत आल्या. या जुन्या प्रवासांची आठवण स्पर्धेत जागती ठेवली जाते. 2010 च्या स्पर्धेत लेखिका क्रिस सॉमर सिमन्स यांनी आपल्या 1915 सालच्या हार्ले-डेव्हिडसनला ‘एफी’ हे नाव दिले होते.

इतिहास

स्पर्धेची कल्पना जुन्या यंत्रांचे जाणकार लॉनी आयझम ज्युनिअर यांची. पहिल्या स्पर्धेत 1916 पूर्वी बनलेल्या मोटारसायकलींनाच प्रवेश होता. सप्टेंबर 2010 मध्ये 45 स्पर्धक नॉर्थ कॅरोलिनातील किटी हॉक येथून निघाले. राइट बंधूंच्या पहिल्या विमानोड्डाणामुळे हे ठिकाण प्रसिद्ध आहे. शेवट कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे झाला. 1913 सालच्या एक्सेल्सिअरवर स्वार झालेले ब्रॅड विल्मार्थ विजयी ठरले. 2012 सालचे विजेतेपदही त्यांनीच मिळविले. 2014 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे हान्स कूर्त्से 1924 सालच्या इंडियनवर पहिले आले.

आयझम यांचे 2017 साली निधन झाले. आयोजनाची धुरा त्यांच्याकडून जेसन सिम्स यांच्याकडे आली. स्पर्धा साधारणपणे दर दोन वर्षांनी होते. 2020 ची स्पर्धा कोविड महासाथीमुळे पुढे ढकलून 2021 मध्ये घेण्यात आली.

मार्ग

प्रत्येक वेळी मार्ग बदलतो आणि यंत्रांच्या वयाची अटही बदलते.

2010 – किटी हॉक ते सांता मोनिका (1916 पूर्वीची यंत्रे)
2012 – न्यूबर्ग ते सॅन फ्रान्सिस्को (1930 पूर्वीची)
2014 – डेटोना बीच ते टॅकोमा (1937 पूर्वीची)
2016 – अटलांटिक सिटी ते कार्ल्सबाड (1917 पूर्वीची)
2018 – मेन राज्यातील पोर्टलंड ते ओरेगॉनमधील पोर्टलंड (1929 पूर्वीची)
2021 – मिशिगनमधील सू सेंट मरी ते टेक्सासमधील साउथ पाद्रे आयलंड

2021 चा मार्ग पूर्व-पश्चिम नसून उत्तर-दक्षिण होता, हे त्याचे वेगळेपण होय.

नियम व गुणदान

प्रवास सुमारे अडीच आठवडे चालतो आणि रोजचा टप्पा आखून दिलेला असतो. कापलेल्या प्रत्येक मैलाला एक गुण मिळतो, उशीर झाल्यास गुण कापले जातात. त्या दिवसाचा मार्गदर्शक कागद स्पर्धकाच्या हाती निघण्याच्या थोडा वेळ आधी पडतो. उपग्रहाच्या आधारे वाट दाखविणारी साधने वापरता येत नाहीत.

वाटेत यंत्र बिघडल्यास स्वाराने ते जवळच्या हत्यारांनिशी स्वतःच दुरुस्त करायचे असते. साहाय्यकांची गाडी वेगळ्या रस्त्याने जाते. दुरुस्ती जमली नाही, तर मागून येणारा ट्रक मोटारसायकल उचलून मुक्कामी आणतो व उरलेल्या मैलांचे गुण बुडतात. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र साहाय्यकांची मदत घेता येते. त्यामुळे स्पर्धेचा मोठा भाग रात्री, वाहनतळावरच्या दिव्यांच्या उजेडात पार पडतो.

यंत्रांचे गट इंजिनाच्या आकारमानानुसार पाडलेले असतात. सर्व मैल पूर्ण करणारे अनेक जण असले, तर लहान इंजिनाच्या गटाला, नंतर अधिक जुन्या यंत्राला आणि त्यानंतर वयाने मोठ्या स्वाराला प्राधान्य मिळते. मोठे इंजिन असणाऱ्यास प्रवास सोपा जातो. या क्रमामुळे ती सवलत भरून निघते.

यंत्रे व दुरुस्ती

त्या काळच्या अनेक मोटारसायकलींत वापरलेले तेल इंजिनात पुन्हा फिरत नसे. स्वार हातपंपाने थोडे थोडे तेल सोडी आणि ते जळून वा गळून जाई. तेल कमी पडले तर पिस्टन अडकतो, जास्त झाले तर स्पार्क प्लगवर काजळी धरते. म्हणून स्वाराला इंजिनाचा आवाज व धुराचा रंग यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. बहुतेक जुन्या यंत्रांना ब्रेक केवळ मागच्या चाकाला असतो. त्यामुळे रॉकी पर्वतात चढणीपेक्षा उतरण अधिक धोक्याची ठरते. उंचीवर हवा विरळ होत असल्याने कार्ब्युरेटरची जुळणीही बदलावी लागते.

सुटे भाग मिळविणे हे सर्वांत अवघड काम असते. एक्सेल्सिअर व हेंडरसन यांचे उत्पादन 1931 साली थांबले. मूळ इंडियन कंपनीचे 1953 साली थांबले. अशा यंत्रांसाठी जुना भाग शोधावा लागतो, नाहीतर नमुन्यावरून ओतकाम करून व लेथवर कातून नवा घडवावा लागतो. रस्त्यावर मात्र हे भाग एकमेकांना उसने दिले जातात. ज्याच्याशी गुणांची चुरस आहे त्याच्याच इंजिनावर रात्रभर राबणे, हा या स्पर्धेचा अलिखित प्रघात आहे.

मतभेद

जुन्या वस्तूंच्या जतनाविषयीचा एक मूलभूत वाद या स्पर्धेच्या निमित्ताने पुढे येतो. शंभर वर्षांची मोटारसायकल हजारो मैल चालविल्यास तिचे मूळ भाग झिजतात व ते पुन्हा मिळत नाहीत, म्हणून ती संग्रहालयात ठेवावी, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार, चालविण्यासाठी घडविलेले यंत्र बंद ठेवले की ते चालविण्याची व दुरुस्त करण्याची विद्याही माणसागणिक संपत जाते. इंजिनाच्या आत आधुनिक पिस्टन वा बेअरिंग घातल्यावर त्या यंत्राला कितपत ‘मूळ’ म्हणावे, हा प्रश्नही याच वादाचा भाग आहे.

हेही पहा

अर्विन बेकर
हार्ले-डेव्हिडसन
इंडियन मोटारसायकल