कातरीखालचे शिल्प

मुंबईच्या मलबार टेकडीवरील उद्यानात झुडपे छाटून घडविलेले प्राणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. ही कला युरोपात रोमन लोकांनी रूढ केली. सम्राट ऑगस्टस याचा स्नेही गायस मातियस याने ही रीत प्रथम काढली, असे थोरला प्लिनी नमूद करतो. धाकट्या प्लिनीच्या टस्कनीतील बागेत बॉक्स नावाच्या बारीक पानांच्या झुडपांतून धन्याचे नाव अक्षरांत उमटविलेले होते. आणि ते घडविणाऱ्या कारागिराचेही! मला त्या अक्षरांहून या मानाचेच नवल अधिक वाटते.

सतराव्या शतकात ही हौस युरोपभर बोकाळली. उत्तर इंग्लंडमध्ये लेव्हन्स हॉल येथे गियोम बोमाँ या फ्रेंच उद्यानकाराने १६९४ साली अशीच एक बाग आखावयास घेतली. झाडांत त्याचा मुख्य आधार होता यू. हिमालयात ज्याला थुनेर म्हणतात, त्या वृक्षाचा हा भाऊबंद. पालवी दाट, वाढ संथ, आयुष्य शतकांचे. आणि बहुतेक सूचिपर्णी वृक्षांना जे साधत नाही ते याला साधते, म्हणजे जुन्या लाकडातूनही नवे धुमारे फुटतात. कातर चुकली तरी काही वर्षांत जखम भरून येते. मात्र आकार तळाशी रुंद आणि शेंड्याकडे निमुळता ठेवावा लागतो. नाहीतर खालच्या फांद्या उन्हावाचून उघड्या पडतात.

पण रोगाकिडीहून फॅशन अधिक घातक ठरली. १७१३ साली कवी अलेक्झांडर पोप याने अशा झाडांची एक लटकी विक्री-यादी छापली. तीत संत जॉर्जचा हात अद्याप पुरेसा लांबलेला नाही, पण येत्या एप्रिलपर्यंत तो राक्षसी सर्पाला भोसकू शकेल, अशी थट्टा आहे! पुढे ‘निसर्गासारख्या’ बागांचे वारे आले. लान्सलॉट ब्राउन आणि त्याच्या पंथाच्या हातून कितीतरी जुन्या आखीव बागा मोडल्या गेल्या. पिढ्यांनी जोपासलेली झाडे मुळासकट गेली. गवताची हिरवळ दोन-चार वर्षांत पुन्हा करता येते. शंभर वर्षांचा यू कोठून आणावा?

लेव्हन्सची बाग या लाटेतून वाचली. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर फोर्ब्स या माळ्याने तिची डागडुजी केली, नवी झाडेही लावली. आज तेथे शंभरावर आकार उभे आहेत. शरदात कातर हाती घेतली की ती खाली ठेवावयास माळ्यांना कित्येक महिने लागतात.