स्पीडोमीटरची फेरजुळणी (चाक-टायर बदलल्यानंतरची)

मोटार वाहनाला मूळ मापापेक्षा लहान-मोठे चाक किंवा टायर बसविल्यावर वेग दाखविणारा काटा आणि किलोमीटरचा आकडा प्रत्यक्ष वेगाशी व अंतराशी पुन्हा जुळवून घेण्याचे काम. स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही. तो चाकाचे किंवा गिअरबॉक्सच्या दांड्याचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते याचे कारखान्यात ठरलेले माप गृहीत धरतो. टायरचा घेर बदलला की हे गृहीतच चुकते. मीटर मात्र पूर्वीच्याच खात्रीने आकडा दाखवत राहतो. म्हणूनच फेरजुळणी हा टायरबदलाचाच एक भाग मानला पाहिजे, विशेषतः टायर मोठा बसविला असेल तेव्हा. कारण त्या वेळी काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

बीड जिल्ह्याच्या रस्त्यांवर नेहमी दिसणाऱ्या बोलेरो जीपवरून ही चूक मोजता येते. तिच्या २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास हिशेबाने ७०३.५ मिमी. येतो. त्याच डिस्कवर २३५/७५ आर १५ टायर चढविला की व्यास ७३३.५ मिमी., म्हणजे सुमारे ४.३ टक्क्यांनी जास्त होतो. आता काटा ८० वर असताना गाडी ताशी ८३.४ किमी. वेगाने धावत असते. रुबाबासाठी ३१ इंची टायर बसविला तर फरक जवळजवळ १२ टक्के होतो आणि ८० दिसताना खरा वेग ८९.५ असतो. ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे या गाडीला थांबायला चालकाच्या अंदाजापेक्षा सव्वापट रस्ता लागतो. धुळे–सोलापूर महामार्गावर गेवराई ते बीड सुसाट जाताना किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. व्यावसायिक वाहनांचा वेगनियंत्रकही फेऱ्यांवरच चालत असल्याने त्याचीही मर्यादा तितकीच सैल होते.

चूक अंतरातही उतरते. वरील ४.३ टक्क्यांच्या उदाहरणात १,००० किमी. धावल्यावर मीटरवर सुमारे ९५९ किमी. पडतात. किलोमीटरच्या दराने भाड्याने जाणाऱ्या जीपमालकाला तेवढा तोटा होतो, गाडीचे अॅव्हरेज विनाकारण कमी दिसते आणि ऑइल बदलायला उशीर होतो. टायर लहान असेल तर उलट घडते व जादा भाडे प्रवाशाच्या माथी बसते. मात्र प्रत्येक टायरबदलाने मीटर बिघडतोच असे नाही. ज्या मोटारसायकलींची मीटर-केबल पुढच्या चाकातून निघते, त्यांचा मागचा टायर बदलल्याने काटा हलत नाही. ट्रॅक्टरचे तासमीटरही इंजिनाशी जोडलेले असते, १३.६–२८ ऐवजी १४.९–२८ टायर घातल्याने त्याचे तास बदलत नाहीत.

कारखान्याचा मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतो, मग फेरजुळणी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ नुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखविल्यास ती वाढ खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी. या मर्यादेत असावी. पण आपल्या गाडीत ही सूट किती उरली आहे हे मालकाला ठाऊक नसते. शिवाय ती हवेचा दाब, टायरची बनावट आणि मीटरमधील फरक सांभाळण्यासाठी ठेवलेली असते. टायरच्या मापापायी ती खर्चून टाकली की बाकीच्या चुकांना जागा राहत नाही. मोबाइलवर वेग दिसतोच, हा दुसरा आक्षेप. एकसमान वेगात मोबाइलचा आकडा भरवशाचा असतो आणि तपासणीसाठी तो जरूर वापरावा. परंतु ब्रेक दाबताना तो मागे पडतो आणि किलोमीटरची नोंद काही दुरुस्त करत नाही. टायर झिजल्यानेही माप बदलते, असेही म्हटले जाते. परंतु ६ मिमी. नक्षी झिजल्यास बोलेरोचा व्यास सुमारे १.७ टक्के घटतो आणि काटा जास्त वेग दाखवतो. ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

फेरजुळणीसाठी आधी खरे माप घ्यावे. हवा योग्य भरून, गाडीत नेहमीचे वजन ठेवून टायरवर व जमिनीवर खडूने खूण करावी, गाडी सरळ ढकलून पूर्ण फेरे घ्यावेत आणि एका फेऱ्याचे अंतर टेपने काढावे. वजनाने टायर दबत असल्याने हे माप व्यासावरून काढलेल्या घेरापेक्षा थोडे कमी भरते. पडताळा किलोमीटरच्या दगडांवर घेता येतो : काटा ६० वर स्थिर असताना एका किलोमीटरला ६० सेकंद लागायला हवेत, ५७.५ लागले तर खरा वेग ६२.६ आहे. केबलच्या गाड्यांत गिअरबॉक्समधील मीटरची पिनियन बदलतात. मोठ्या टायरसाठी कमी दात्यांची पिनियन लागते. सेन्सरच्या गाड्यांत कंपनीच्या स्कॅनरने टायरचे नवे माप भरतात किंवा स्पंदने दुरुस्त करणारे उपकरण जोडतात. जुना किलोमीटरचा आकडा मागे फिरवू नये. बदलाच्या दिवशीचा आकडा लिहून ठेवावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ स्पीडोमीटरविषयी आहे, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ विवरणापासून फारकत घेणाऱ्या बदलांना आळा घालते; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. तेव्हा मीटर जुळवून घेतला म्हणून वाटेल तो टायर वैध ठरत नाही. उत्पादकाने मान्य केलेल्या मापांतूनच टायर निवडावा, तो बसविताच मीटर तपासावा आणि फरक आढळल्यास जुळवून घेतल्याशिवाय गाडी महामार्गावर काढू नये.