ज्या धर्माला अक्षर नव्हते

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाच्या गळ्यात धातूचे दोन बिल्ले असत. नाव व क्रमांक यांबरोबर त्यांवर धर्माचे एक अक्षर उमटविलेले असे. प्रॉटेस्टंटास ‘पी’, कॅथॉलिकास ‘सी’ आणि आपल्या यहुदी बांधवांस, हिब्रू या अर्थी, ‘एच’. सैनिक रणात पडला तर कोणत्या विधीने त्यास मूठमाती द्यावयाची, हे त्यावरून कळे. बौद्धांकरिता अक्षरच नव्हते. जपानी वंशाचे अनेक बौद्ध तरुण ४४२ व्या रेजिमेंटमधून अमेरिकेसाठी लढले. त्यांपैकी काहींच्या बिल्ल्यावर ती जागा कोरी राहिली, काहींच्या गळ्यात ‘पी’ पडला.

इकडे त्यांच्या घरी काय चालले होते? ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी धरपकड सुरू झाली. संशयितांच्या याद्या आधीच तयार होत्या. त्यांत बौद्ध पुरोहित असणे हाच जणू गुन्हा ठरला. ख्रिस्ती झालेल्या जपानी पाद्र्यांवर तितका वहीम नव्हता. भयापोटी लोकांनी धर्मग्रंथ जाळले, परसात पुरले. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० जणांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. सान्ता अनिता येथे तर कुटुंबे शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत राहिली. तशातही टाकाऊ फळ्यांचे देव्हारे उभे राहिले.

१९४४ साली यूटामधील टोपाझ छावणीत त्यांच्या मुख्य संस्थेने ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ असे नाव धारण केले. बुद्धाचे ‘चर्च’ ऐकून कोणास हसू येईल. आम्हांस येत नाही. कोकणात आपल्या पूर्वजांनी शब्बाथ पाळला म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, परंतु प्रार्थनामंदिराचे नाव बदलावयास कोणी भाग पाडले नाही. आपल्या यहुदीपणाविषयी शंका निघाली ती पुढे इस्राएलात, स्वकीयांकडूनच, आणि १९६४ साली तेथील सरकारला त्यावर खुलासा करावा लागला. आपला धर्म दुसऱ्याने ठरवावा, यातील बोच आपण जाणतो.

या काळोखात ज्युलियस गोल्डवॉटर हे नाव आम्हांस विशेष वाटते. यहुदी कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ बौद्ध पुरोहित झाले होते. गोरे असल्याने त्यांना छावणीत जावे लागले नाही. लॉस एंजेलिसमधील ओस पडलेली बौद्ध मंदिरे व लोकांचे मागे राहिलेले सामान त्यांनी सांभाळले, छावण्यांत जाऊन धर्मोपदेश केला, आणि यासाठी शेजारपाजाऱ्यांची निंदाही सोसली. त्यांनी आपला धर्म सोडला, हे आपल्यापैकी काहींना रुचणार नाही. आम्हांसही ते सहज पचले नाही. पण शेजाऱ्याच्या मंदिराची किल्ली जपणारा माणूस त्या वेळी दुसरा किती ठिकाणी होता?

युद्धानंतर बौद्ध तरुणांनी ‘बी’ अक्षरासाठी चळवळ केली. अमेरिकन सैन्यदलांत पहिला बौद्ध धर्माधिकारी नेमला जाण्यास मात्र २००४ साल उजाडले. दरम्यान १९८८ साली सरकारने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला, आणि १९९७ साली वॉशिंग्टनमध्ये यहुद्यांनी तिबेटसाठी योजिलेल्या पेसहच्या सेदेरला दलाई लामा येऊन बसले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या हिगाशी होंगान्जी मंदिरात शिरून कोणी काच फोडली, लाकडी दिव्यांचे खांब पेटविले. ४ मे रोजी त्याच मंदिरात निरनिराळ्या पंथांचे ४९ बौद्ध आचार्य एकत्र जमले. अटलांटा येथे आठ जणांची, त्यांत सहा आशियाई वंशाच्या स्त्रियांची, हत्या झाली त्यास त्या दिवशी एकोणपन्नास दिवस पूर्ण झाले होते.